लंडन–सॅलफर्ड–कार्डिफ मीडिया स्टडी टूर : विमानात बसायच्या आधीचा रिव्ह्यू

जाऊन आल्यावरचे रिव्ह्यू पुष्कळ सापडतात. हॉटेल स्वच्छ होतं, गाईड बोलका होता, नाश्त्याला शाकाहारी काही नव्हतं, तरी पाच तारे. पण पैसे भरल्यापासून निघेपर्यंत कंपनी कशी वागते, माहितीपत्रकात काय छापते आणि त्यावर प्रश्न विचारला की काय उत्तर देते, हे कोणी लिहीत नाही. माझं सध्या तेच चाललंय, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

मी बेळगावची, घर वडगावात, पत्रकारितेचं शेवटचं वर्ष. आमच्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कॉलेजांतली पोरं मिळून एक बॅच ब्रिटनला निघालीय. तिथली मीडिया इंडस्ट्री बघायची, असा एकूण बेत. टूर काढणारी कंपनी पुण्याची. नाव मुद्दाम देत नाही. तक्रारही करायचीय आणि परत त्यांच्याच तिकिटावर यायचंय. विमान, हॉटेल, व्हिसा सगळं धरून खर्च सव्वादोन लाखांच्या घरात जातो. आमच्या घरी माग आहेत. वडगावात माग असलेल्या घराला सव्वादोन लाख म्हणजे काय, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. थोडे पप्पांनी घातले, थोडे आईच्या भिशीचे, राहिलेले आक्कानं दिले आणि वर ऐकवलं, ‘बीबीसीच्या बाहेर फोटो काढायला एवढे पैसे घालायलीस होय गं?’ तिचं हे बोलणं पुढं कामाला आलं.

आधी चांगलं सांगते. व्हिसाचं काम ह्या लोकांनी बोट धरून करून घेतलं. आमच्याकडच्या कागदांची तऱ्हा पुण्याच्या पोरांना कळायची नाही. घराचा उतारा कन्नडमध्ये, पप्पांचं पतसंस्थेचं पासबुक मराठीत, कॉलेजचं बोनाफाईड इंग्रजीत आणि आमचं आडनाव प्रत्येक ठिकाणी वेगळ्या स्पेलिंगनं. कंपनीतल्या व्हिसाच्या मॅडमनी एकेक कागद फोनवर वाचून घेतला. आडनावाचं प्रतिज्ञापत्र करायला लावलं. कन्नड उताऱ्याचं भाषांतर करणारा माणूस आम्ही कोर्टाकडं शोधला, तर त्याचा मसुदाही त्यांनी आधी मागवून घेतला आणि परत पाठवला, कारण खाली नुसती सही होती. भाषांतर बरोबर असल्याचं लिहून, पूर्ण नाव, तारीख, संपर्क, सगळं पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरूला जायचं होतं तर आम्हा बेळगावच्या सगळ्यांच्या वेळा एकाच दिवशी लावून दिल्या, म्हणून रात्रीच्या चन्नम्मा एक्सप्रेसनं एकत्र जाता आलं. ह्या कामाला पाचपैकी पाच. एजंटाला वेगळे पैसे मोजून सुद्धा एवढं कोणी करत नाही.

त्याच मॅडमच्या यादीत एक ओळ होती. जो कागद इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नाही, त्याला प्रमाणित भाषांतर जोडायचं. ब्रिटिश सरकारचाच नियम आहे तो. मी ती ओळ परत परत वाचली. वेल्श म्हणजे ब्रिटनमधल्याच वेल्सची भाषा. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या जेमतेम १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येते असं सांगितलं, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. आपल्या बेळगाव शहराएवढी, थोडी इकडे-तिकडे. आणि ती भाषा व्हिसाच्या नियमात इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसलीय! मॅडमना विचारलं, वेल्शमधून कोण कागद देतं का हो? त्या म्हणाल्या, ‘ते सोड, तू उताऱ्याचं बघ.’ त्यांचं बरोबरच होतं. पण माझं डोकं तिथून फिरलं ते फिरलंच. मी लंडन बघायला म्हणून पैसे भरले होते. आता मला वेल्स बघायचंय, आणि कंपनीच्या कार्यक्रमात वेल्सला मिळालाय अर्धा दिवस.

माहितीपत्रक चकचकीत आहे. पहिल्या पानावर टॉवर ब्रिज. मीडियाशी त्या पुलाचा संबंध काय ते छापणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या पानावर ‘फ्लीट स्ट्रीट : ब्रिटिश वृत्तपत्रांचं धडधडतं हृदय’. हे हृदय बंद पडून जमाना झाला. इंग्लंडचं पहिलं दैनिक १७०२ मध्ये तिथं निघालं हे खरं. पण जानेवारी १९८६ मध्ये वृत्तपत्रमालक रुपर्ट मर्डॉकनं आपली वर्तमानपत्रं तिथून उचलून पूर्व लंडनमधल्या वॉपिंगच्या नव्या छापखान्यात नेली आणि संपावर गेलेल्या पाच हजारांहून जास्त कामगारांना घरी बसवलं. वर्षभर वॉपिंगच्या फाटकावर धरणं चाललं. कामगार हरले. मग एकेक करत बाकीच्यांनीही फ्लीट स्ट्रीट सोडला. रॉयटर्स ही वृत्तसंस्था २००५ मध्ये गेली. आज तिथं बँका आणि वकिलांची ऑफिसं आहेत. ‘इथं एकेकाळी वर्तमानपत्रं होती’ असं छापलं असतं तरी मी आनंदानं गेले असते.

हे सगळं मी मामाला वाचून दाखवलं, कारण मामा शहापुरातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. पत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, सगळं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून. ऑफसेट आलं तसं मालकानं ट्रेडल मशीन भंगारात घातलं आणि खिळे किलोवर विकले. मामानं एक स्टिक तेवढी घरी आणली, ओळ जुळवताना डाव्या हातात धरतात ती. लोखंड सगळीकडून काळं पडलंय, फक्त अंगठा टेकायचा तिथं झिजून पांढरं चकचकीत झालंय. वॉपिंगचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पाच हजार होते म्हणून धरणं तरी धरता आलं गं. आम्ही चौघं. चहा प्यालो आणि घरी आलो.’ मग स्टिक कपाटात ठेवता ठेवता, ‘गेलीस की छापखाना नेमका कुठं होता ते विचारून ये.’

म्हणून मी कंपनीला मेल केला : फ्लीट स्ट्रीटवर नेताच आहात तर वॉपिंगही दाखवा, काही फार लांब नाही. उत्तर आलं, ‘वॉपिंग हे लोकप्रिय पर्यटनस्थळ नाही.’ पावतीवर तुम्हीच ‘स्टडी टूर’ लिहिलंय की हो.

ओरिएंटेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑनलाईन झालं. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या, छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, रांग मोडू नका, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण मीडियावर आख्ख्या सत्रात एक स्लाईड, आणि तिच्यावर बीबीसीचा लोगो. मी विचारलं, की ‘बीबीसी भेट’ म्हणजे आत जायचं की बाहेरून बघायचं? उत्तर देणारे सर एकदम नेटवर्क गेल्यासारखे थांबले. मग ‘उपलब्धतेनुसार’ म्हणाले. माहितीपत्रकात हा शब्द इतक्या बारीक अक्षरांत आहे की मामाच्या छापखान्यात तेवढा खिळा मिळाला नसता. आक्काचं बोलणं आठवलं आणि मी ते उत्तर लेखी मागून घेतलं. लेखी आलं ते असं : ब्रॉडकास्टिंग हाऊस, म्हणजे बीबीसीचं मुख्यालय, बाहेरून, जवळच्या एका विद्यापीठात माध्यमांवर व्याख्यान आतून. ठीक आहे, निदान कळलं.

बाहेरून तर बाहेरून, पण काय बघायचं हे आधी ठाऊक पाहिजे. बीबीसी १९२२ मध्ये रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढली. १९२७ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती महामंडळ झाली. ब्रॉडकास्टिंग हाऊस १९३२ चं. आपली बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली. आणि हा सगळा डोलारा मुख्यतः घरटी भरल्या जाणाऱ्या टीव्ही लायसन्सच्या पैशावर उभा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना हे अजब वाटतं, टीव्ही बघायला लायसन्स कसलं? आज्जाला काही वाटलं नाही. त्याच्या ट्रंकेत रेडिओचं लायसन्सचं पुस्तक अजून आहे, पोस्टाची तिकिटं चिकटवून त्यावर गोल शिक्के मारलेलं. दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि मग घरात बसून सांगली आकाशवाणी ऐकायची. आज्जाचा प्रश्न सरळ होता, ‘पैसे लोकांचे तर बातम्या कुणाच्या?’ व्याख्यान देणाऱ्यांना मी हाच विचारणार आहे. माझ्या वहीतल्या प्रश्नांपेक्षा तो बरा आहे.

सॅलफर्डला नेतात ह्याबद्दल मात्र कंपनीला मनापासून शाबासकी. लंडनमध्येच चार चकरा मारून त्यांना टूर म्हणता आलं असतं. सॅलफर्ड म्हणजे मँचेस्टरला लागून असलेलं जुन्या गोदीचं शहर. जहाजं यायची बंद झाली, १९८२ मध्ये गोदीला टाळं लागलं, हजारो हातांचं काम गेलं. त्याच पाण्याकाठी पुढं मीडियासिटी उभी राहिली आणि २०११ पासून बीबीसीचे क्रीडा, लहान मुलांचे कार्यक्रम, रेडिओ फाईव्ह लाईव्ह असे आख्खे विभाग लंडनहून तिकडं हलले. पुढच्या वर्षी सकाळच्या बातम्यांचा कार्यक्रमही गेला. देशाची बातमी राजधानीतूनच का सांगायची, हा त्यामागचा विचार. लंडनच्या पत्रकारांनी कुरकुर केली, पण गेले.

आता २०१२ मध्येच आमच्याकडं काय झालं बघा. हायवेला लागून कर्नाटक विधिमंडळासाठी सुवर्ण विधानसौध बांधली, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. दर हिवाळ्यात अधिवेशनाला बेंगळुरूहून मंत्री येतात, त्यांच्या मागून वाहिन्यांच्या ओबी व्हॅन येतात, हॉटेलं भरतात, कुंद्याचे डबे संपतात. आणि अधिवेशन संपलं की सगळं परत बेंगळुरूला. इमारत राहते. सॅलफर्डला मला स्टुडिओ बघायचे नाहीत. कॅमेरे सगळीकडं सारखेच. तिथं कॅन्टीनमध्ये काम करणारी, लिफ्ट चालवणारी माणसं सॅलफर्डची आहेत का, गोदीत काम केलेल्या घरातलं कोण आत टेबलावर बसलंय का, एवढं विचारायचंय. जमलं तर बघू.

आणि कार्डिफ, वेल्सची राजधानी. लंडनहून रेल्वेनं दोन तास. बीबीसी वेल्सची नवी इमारत स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या समोर, म्हणजे कंपनीला बसचाही खर्च नाही. तिथं अर्धा दिवस, त्यातही दुपारचं जेवण आणि किल्ला. माहितीपत्रकात एसफोरसीचं नावही नाही!

एसफोरसी ही वेल्श भाषेतली टीव्ही वाहिनी. ती कशी निघाली हे सीमाभागातल्या माणसानं एकदा तरी वाचावं. १९७९ च्या निवडणुकीआधी दोन्ही मोठ्या पक्षांनी वेल्श वाहिनीचं वचन दिलं. थॅचरबाईंचं सरकार आलं आणि वचन बाजूला पडलं. वेल्समध्ये लोकांनी टीव्ही लायसन्स भरायला नकार दिला. मग ग्विनफर इव्हान्स, प्लाइड कम्री ह्या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार, यांनी १९८० मध्ये जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषणाला बसणार. वय सदुसष्ट. सरकारनं १७ सप्टेंबरला माघार घेतली, उपोषणाला बसायची वेळच आली नाही. वाहिनी सुरू झाली ती तारीख १ नोव्हेंबर १९८२.

१ नोव्हेंबर! आमच्या शहरात त्या दिवशी काय असतं ते सांगत बसत नाही. एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या रस्त्यावर मराठी लोकांच्या काळ्या दिनाचे काळे, आणि मधे पोलीस. मी जन्मल्यापासून ही तारीख अशीच बघत आलेय. तीच तारीख दुसऱ्या कुठल्या तरी भाषेची वाहिनी सुरू झाल्याची असू शकते, हे वाचल्यावर मी दाजींना फोन लावला. दाजी चन्नम्मा सर्कलजवळच्या एका ऑफिसात कारकून, घरी कन्नड, आक्काशी मराठी, फोनवर दोन्ही. म्हणाले, ‘होय की! मग तिथं तू १ नोव्हेंबरला सुट्टी असते का विचार.’ सीमाप्रश्नावर मला इथं लिहायचं नाही. त्याचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. मला वर्तमानपत्राचं काम करायचंय आणि माझा प्रश्न त्या कामाचा आहे.

तो असा. मी गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका मराठी दैनिकात शिकाऊ म्हणून बसत होते. जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून येणारी प्रेसनोट कन्नडमध्ये असते. ती संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पडते. डेस्कवरचे काका ती मोठ्यानं वाचायचे, वाचता वाचता मनात मराठी करायचे आणि मी टाईप करायची. ‘तहसीलदारांनी सांगितले की’ इथंपर्यंत सरळ जायचं, मग योजनेचं लांबलचक नाव आलं की काका चष्मा कपाळावर सरकवून छताकडं बघायचे. पान सोडायची वेळ जवळ आली की छताकडं बघायलाही सवड नसायची. कन्नड दैनिकाचा मुलगा तीच नोट तशीच उचलून केव्हाच घरी गेलेला असायचा. वेल्समध्ये २०११ च्या कायद्यानं वेल्शला अधिकृत दर्जा आहे आणि सरकारी कामकाज दोन्ही भाषांत चालतं. मग तिथल्या वेल्श बातमीदाराच्या हातात संध्याकाळी काय पडतं? त्याची रात्र माझ्या काकांच्या रात्रीपेक्षा सोपी आहे का? हे मला किल्ल्याच्या भिंतीवरून दिसणार नाही. त्यासाठी एसफोरसीत नाहीतर रेडिओ कम्रीत, म्हणजे १९७७ पासूनच्या वेल्श रेडिओत, कुणाच्या तरी टेबलाशी तासभर बसायला पाहिजे.

अजून एक गोष्ट मला त्यांना सांगायचीही आहे. नुसतं बघून काय येऊ? एवढी वाहिनी, एवढा रेडिओ, पण वेल्शमध्ये रोजचं छापील दैनिक नाही. एक काढायचं ठरलं होतं, २००८ मध्ये पैशावाचून अडलं. त्याऐवजी गावोगाव मासिकवजा पत्रं आहेत, पापुराय ब्रो म्हणतात त्यांना. १९७३ पासून निघतात, आज पन्नासाहून जास्त आहेत, आणि गावातले लोक बिनपगारी काम करून ती काढतात. बारसं, वारणं, शाळेचा निकाल, चर्चचा कार्यक्रम. आमच्याकडं उलटं आहे. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ काढला, आणि आजही सकाळी दारात मराठी दैनिक पडतं, कुठल्याही सरकारी वाहिनीशिवाय. कोणाचं बरं, हे मला खरंच सांगता येत नाही. सरकार ठरवेल तेवढ्या पैशावरची वाहिनी सरकारनं हात आखडला की आखडते; एसफोरसीला मिळणारे सार्वजनिक पैसे आता त्या टीव्ही लायसन्समधूनच येतात, आणि लायसन्सच राहील की नाही ह्यावर तिकडं वाद चाललाय. आमचं दैनिक जाहिरातींवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानं बंद झाली तर काय होईल, ते डेस्कवरच्या काकांनाच विचारा.

एसफोरसीचं मुख्यालय २०१८ पासून कार्मार्थेनला आहे, कार्डिफच्या आणखी पश्चिमेला. म्हणजे राजधानीतून छोट्या गावात. मी कंपनीला लिहिलं, किल्ला नको, तिथं न्या. पहिलं उत्तर, ग्रुपला इंटरेस्ट नाही. खरंय, नाहीच. आमच्या ग्रुपचा इंटरेस्ट लंडनजवळ लीव्हस्डेनच्या फिल्म स्टुडिओची टूर, वेगळे पैसे भरून. दुसरं उत्तर व्हिसाच्या मॅडमनी मधे पडून आणलं : लंडनच्या मोकळ्या दिवशी सहा जण तयार असतील आणि रेल्वेचं तिकीट आपापलं काढणार असतील तर कंपनी एक माणूस सोबत देईल, एसफोरसीला मेलही करेल. आता हे कंपनीच्या खात्यात घालायचं की मॅडमच्या, तुम्हीच ठरवा. मी मॅडमच्या घातलंय.

कुंद्याचंही मॅडमनीच सांगितलं. डेस्कवरचे काका म्हणाले होते, वेल्सच्या पत्रकारांना बेळगावचा कुंदा ने. पण भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. विमानतळावर डबा काढून टाकला असता. आता कुंदा राहिला घरी, सोबत मामाच्या स्टिकचा फोटो नेतेय. टोपीचं जाकीट खडेबाजारात घेतलं, ओरिएंटेशनवाल्यांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात, घासाघीस करून.

तर तारे. व्हिसा आणि कागदपत्रं, पाच. ओरिएंटेशन, दोन. कार्यक्रमाची आखणी, सॅलफर्ड धरून तीन, धरलं नाही तर दीड. माहितीपत्रकाला एकही नाही. पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी लेखी मागा : कुठल्या इमारतीच्या आत जाणार आणि कुठली बाहेरून, आणि ‘उपलब्धतेनुसार’ असलेली भेट रद्द झाली तर तिचे पैसे परत की दुसरी भेट. मी पहिली मागितली, दुसरी अजून मागतेय.

कार्मार्थेनला चौघं तयार आहेत. दोन राहिलेत. सांगलीचा एक जण जवळजवळ पटलाय, पण त्यानं लीव्हस्डेनचं तिकीट आधीच काढलंय आणि ते परत होत नाही. दुसरी निपाणीची आहे. ती म्हणते, येते, पण तिथं मला काही कळणार नाही, सगळं वेल्शमध्ये असेल. मी तिला सांगितलं, अगं, तू दहावीपर्यंत कन्नड शाळेत आणि घरी मराठी बोलून आलीयस, तुला काय नवीन आहे? शुक्रवारपर्यंत नावं द्यायचीत.